झोपलेल्याला न उठवणारे सर

माझे वडील मुंबईत एका गोदामावर पहारेकरी होते. रात्री आठ ते सकाळी आठ पाळी. बदली माणूस आला नाही की पुढचे बारा तासही त्यांचेच. राहायला गाववाल्यांची खोली. त्या एवढ्याशा खोलीत आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतली चौदा माणसं पाळीपाळीने राहायची. रात्रपाळीवाल्याने दिवसा झोपायचं, हे बोलायला सोपं. दिवसा त्याच खोलीत स्टोव्ह भरभरायचा, नळाला पाणी आलं की हंडे आपटायचे, कुणीतरी पाय ओलांडून जायचं. बाबांनी अशी सोळा वर्षं काढली.

आम्ही पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर, डोंगरावरच्या वाडीत. आई दोन म्हशी, शेरडं आणि नाचणीचा तुकडा एकटीने सांभाळायची. बाबा गणपतीला आणि शिमग्याला यायचे. ते येणार म्हणून मी उड्या मारायचे आणि आले की घाबरायचे. हातातून झाकण पडलं तरी ते ताडकन उठून काठी शोधायचे. ताट पुढे आलं की त्यांचे हात थरथरायचे. रात्री आम्ही सगळे झोपलो की ते अंगणात येरझाऱ्या घालत. एकदा बकरीच्या पिल्लाने मागून धडक दिली तर त्याला त्यांनी एवढ्या जोरात हाणलं की नंतर स्वतःच त्याला मांडीवर घेऊन बसले, दुपारभर.

वाडीने निकाल देऊन टाकला होता. "याला मुंबईचं कायतरी लागलंय." भगताने अंगारा दिला, लिंबू उतरवलं, उंबऱ्यात खिळा ठोकला. बाबा सगळं मुकाट्याने करून घ्यायचे आणि सुट्टी संपली की परत पाळीवर जायचे.

मी वाडीतून बारावीला बसलेली पहिली मुलगी. पास झालेली पहिली आणि महाडजवळच्या एका फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळवलेलीही पहिलीच. हे मी मोठेपणाने सांगते, कारण आमच्यासाठी ते मोठंच होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या कॉलेजात मला सर भेटले.

सर औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो, तो विषय शिकवायचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात चार पेनं, त्यातलं एक चालणारं. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "मी घोरतो. दुसऱ्याची झोप मोडण्याचा मला काय अधिकार?"

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा झोपला. तो बिरवाडीला भावाच्या खोलीवर राहायचा, भाऊ कारखान्यात दुसऱ्या पाळीला, मध्यरात्री परत येणारा. शेजारचा त्याला कोपराने ढोसायला लागला तर सर म्हणाले, "राहू दे. झोपलेल्याला उठवायचं नाही." आणि पुढचा अर्धा तास त्यांनी कुजबुजत शिकवलं. साठ मुलं माना पुढे काढून ऐकत होती. तेवढ्या लक्षपूर्वक आम्ही नंतर कुठलाच तास ऐकला नसेल. तास संपल्यावर ते त्या मुलाच्या बाकावर टिपणांचा कागद ठेवून, पाय न वाजवता निघून गेले.

"कसे आहात" हे ते कुणालाच विचारत नसत. न्हावी असो, एसटीचा कंडक्टर असो, प्राचार्य असोत, त्यांचा एकच प्रश्न. "झोप कशी झाली?" आणि तो नुसता विचारण्यापुरता नसायचा. खिशातून एक निळी वही निघायची आणि उत्तर तासांमध्ये लिहिलं जायचं. किती वाजता पडलात, किती वाजता उठलात, मध्ये किती वेळा जाग आली. माझ्या नावाचं त्या वहीत एक पान होतं. प्राचार्यांचंही होतं. त्यांना ते आवडायचं नाही, पण ते उत्तर द्यायचे.

बिरवाडीच्या गल्ल्यांतून सर दिवसा चपला हातात घेऊन चालायचे. तिथल्या खोल्यांत तिन्ही पाळ्यांचे कामगार राहतात. कुठल्याही वेळी कुठल्यातरी खोलीत कुणीतरी झोपलेलं असतंच, असा त्यांचा हिशेब. तिथल्या बायकांना वाटायचं की सरांचा कसलातरी नवस आहे. एकीने त्यांना विचारलंही, "कुठल्या देवाचा?" सर म्हणाले, "रात्रपाळीच्या." तिने हात जोडले.

दुपारी दोन ते दोन चाळीस ते प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर, पुस्तक डोक्याखाली घेऊन झोपायचे. एकदा बाहेरून पाहणी करायला माणसं आली. प्राचार्यांचा जीव वरखाली. दोन पंचवीस झाले होते आणि सर टेबलावर पसरलेले. आम्ही मुलं दारात. "सरांना उठवा रे," प्राचार्य म्हणाले. कुणी हललं नाही. "नियम आहे सर," आमच्यातला एक हळूच म्हणाला. पाहुण्यांना मग आधी ग्रंथालय दाखवलं गेलं.

आमच्या वाडीवर सर एकदा आले, त्याची गोष्ट आई अजून सांगते. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या गाडीत बसले, कापड्याला उतरायचं होतं. शेजारी एक म्हातारी येऊन बसली आणि पाच मिनिटांत त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. कापडे आलं. सर हलले नाहीत. आंबेनळी घाट सुरू झाला, वळणांवर वळणं, म्हातारी गाढ. वर महाबळेश्वरच्या थांब्यावर ती जागी झाली, बाहेर पाहिलं आणि तिने सरांना जे फैलावर घेतलं ते साऱ्या गाडीने ऐकलं. तिलाही कापड्यालाच उतरायचं होतं. "जल्लं तुमचं शिक्षण," ती म्हणाली, "शेजारचं माणूस उठवायला शिकवत नाय काय तुम्हाला?"

दोघं परतीच्या गाडीने एकत्रच खाली आली. सर संध्याकाळी आमच्या दारात उभे, आणि त्यांच्या वहीत म्हातारीचंही पान तयार झालेलं.

कॉलेजात उंदरांवर प्रयोग होतात हे आईने माझ्याकडून ऐकलं होतं. तिने त्यांना चहा दिला आणि सरळ विचारलं, "पोरीला उंदीर मारायला शिकवता काय हो तुम्ही?"

"मारायला नाही, जागं ठेवायला," सर म्हणाले, आणि वही उघडून आईलाच विचारायला लागले. "तुमची म्हैस किती झोपते?"

आईने जरासुद्धा वेळ घेतला नाही. "म्हस कुठं झोपते? डोळं मिटून रवंथ करते ती. लोकांना वाटतं झोपलेय. खरी झोप पहाटची, थोडीच. मान अशी पोटाकडं वळवून ठेवते तेवढीच. तेवढी मोडली की सकाळी दूध चोरते."

सरांनी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं. नंतर आम्हाला वर्गात गुरांच्या झोपेबद्दल सांगताना ते आईचा उल्लेख करायचे. "पुस्तकात हे आहे, पण मी ते कापड्याच्या एका बाईंकडून शिकलो." मी खाली मान घालून बसायचे आणि मनातून ताठ व्हायचे.

आता बाबांचं सांगते. मी दुसऱ्या वर्षाला होते. शिमग्याच्या सुट्टीत बाबा तांदळाचं बोचकं घेऊन वसतिगृहावर आले. मी त्यांना फाटकाशी भेटले, आणि नेमकं तेव्हाच वाऱ्याने लोखंडी फाटक आपटलं. बाबा बोचकं छातीशी धरून भिंतीला टेकले. चेहरा पांढरा. मला माझ्या मैत्रिणींसमोर लाज वाटली, ते कबूल करते. तेवढ्यात सर तिथून चपला हातात घेऊन जात होते. ते थांबले.

"झोप कशी झाली?"

"झोप?" बाबा ओशाळून हसले. "ती गावाला ठेवून मुंबईला गेलो साहेब. आता शोधतो तर सापडत नाय."

सर पायरीवर बसले, बाबांनाही बसवलं. तासभर वही चालू होती. उठताना मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना काहीही लागलेलं नाही. सोळा वर्षांची झोप थकलेली आहे, बस. त्यांना दिवसाचं काम आणि रात्रीची झोप दे."

जणू ते माझ्या पिशवीत होतं. पण खरं सांगायचं तर ते सरांच्या पिशवीत होतं. कॉलेजच्या प्राणीगृहाला सांभाळणारा माणूस हवा होता. आधीचा पिंजरे आदळायचा म्हणून सरांनीच त्याला दुसरीकडे पाठवलं होतं. प्राचार्य म्हणाले, दहावी पास पाहिजे. बाबा सातवी. सरांनी बाबांना प्राचार्यांच्या खोलीत नेलं आणि त्यांच्या हातावर एक पांढरा उंदीर ठेवला. बाबांनी तो शेरडाचं नवं पिल्लू धरतात तसा, खालून ओंजळ करून छातीशी धरला. उंदीर दोन मिनिटांत हातातच गोळा होऊन बसला.

"अर्ज तपासून झाला," सर म्हणाले.

बाबांना नोकरी मिळाली. सकाळी सात ते संध्याकाळी सात, मध्ये दुपारची सुट्टी, मागच्या बाजूला राहायला खोली. आमच्याकडे कॉलेजातल्या शिपायांना मुलं मामा म्हणतात, तसे बाबा अख्ख्या कॉलेजचे मामा झाले. माझ्या मैत्रिणी माझ्याच वडिलांना मामा म्हणायच्या. पहिले दोन महिने त्यांना झोप नीट लागत नव्हती. मग एके दिवशी सकाळी त्यांना उठवायला मला दार वाजवावं लागलं. मी दारात उभी राहून रडले. आत बाबा म्हणत होते, "उठलो गो, उठलो."

सरांचा पीएच.डी.चा प्रयोग त्या सुमारास सुरू झाला. सात वर्षं ते त्याची तयारी करत होते. प्रश्न साधा होता. प्राण्याला झोपू दिलं नाही तर त्याच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक किती वाढतं, आणि तो किती भित्रा होतो? त्यासाठी उंदरांचे दोन गट. एका गटाला पाण्याने भरलेल्या टाक्यात उलट्या ठेवलेल्या छोट्या कुंडीवर बसवायचं. उंदीर डुलकी घेतो, गाढ झोपेत अंग सैल पडतं, नाक पाण्याला लागतं, जाग येते. असे तीन दिवस. दुसरा गट आपल्या पिंजऱ्यात, कोरड्या भुशावर, निवांत. बाबांनी त्यांची नावं ठेवली, पाण्यातले आणि सुखातले.

पहिल्या दिवशी कुंड्या बघून बाबा म्हणाले, "सर, हे पाप हाय."

"आहे," सर म्हणाले. "म्हणून कमीत कमी उंदीर घेतलेत. आणि म्हणून जितके तास ते जागे, तितके तास मी."

आणि ते खरोखर जागायचे. तीन दिवस, पाण्यातल्यांच्या खोलीत, स्टुलावर बसून. तिसऱ्या दिवशी ते वर्गात आले की आम्ही डस्टर समोर ठेवायचो, कारण एकदा ते सापडलं नाही म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एकदा कुणाची पट्टी खाली पडली तर ते फळ्याला चिकटून उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला शिमग्याला घरी आलेले बाबा दिसत होते. आमच्या घराला काय लागलं होतं, ते मला त्या दिवशी पूर्ण कळलं.

शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प याच कामातला. भीती मोजण्याचं काम माझ्याकडे. त्यासाठी बिरवाडीच्या सुताराने एक लाकडी चौफुला करून दिला होता. जमिनीपासून कमरेएवढा उंच, चार फाटे, दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. सुताराने तीनदा विचारलं की यावर मूर्ती कुठली बसणार. उंदराला मध्ये ठेवायचं. घाबरलेला उंदीर भिंतीआड बसून राहतो, निवांत असलेला उघड्या फाट्यावर फिरून येतो. मी पडद्याआडून घड्याळ लावून मोजायचे. मोजून झालं की रक्ताचे नमुने बर्फाच्या फ्लास्कमध्ये घालून सर स्वतः एसटीने मुंबईला तपासायला न्यायचे.

दोन महिन्यांनी आकडे हातात आले. पाण्यातल्यांचं संप्रेरक वाढलेलं होतं. सुखातल्यांचंही वाढलेलं होतं, जवळजवळ तेवढंच. आणि माझ्या मोजणीत सुखातले उंदीरही भिंतीआडून बाहेर यायला तयार नव्हते.

सर दिवसभर सुखातल्यांच्या खोलीत बसून राहिले. भुसा हुंगला, पाणी चाखलं, भिंतीला कान लावला. कारखान्यांचा वास, ट्रकचे हॉर्न, खाद्य, सगळं तपासलं. एका उंदराच्या डोळ्याभोवती लालसर कड होती. "हा झोपत नाहीये," ते म्हणाले. "का झोपत नाहीस रे, सांग ना." प्रबंध सादर करायची मुदत सहा महिन्यांवर होती.

त्यांचा एक कडक नियम होता. सुखातल्यांच्या खोलीत दिवे सकाळी सातला लावायचे, संध्याकाळी सातला बंद करायचे, खिडकीला काळा कागद, आणि संध्याकाळी सात ते सकाळी सात त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. खुद्द त्यांनीही नाही. लावण्या-बंद करण्याचं काम बाबांकडे.

एका संध्याकाळी माझी मोजणीची वही त्या खोलीत राहिली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी धावत गेले तर बाबा दारातच होते. मोठे दिवे बंद होते. आणि कोपऱ्यात, पिंजऱ्यांच्या वर, एक पिवळा बल्ब लागलेला होता.

"हे काय बाबा?"

"वही तुझी? ही घे." त्यांनी दार ओढलं.

"बल्ब कसला?"

"तो व्हय. रोज लावतो जाताना. सकाळी सर यायच्या आधी काढतो, उगाच बिल नको." बाबा एकदम सहज बोलत होते. "सर बोलले ना, या गटाला कसलाच तरास नको. काळोखात जनावर दचकतं. आपल्या शेरडांच्या कुडात नाय का आपण कंदील ठेवत? वाघरू यायचं तवापासून."

आमच्या डोंगरात बिबट्याला वाघरू म्हणतात. त्याने एकदा कूड, म्हणजे शेरडांचा काटक्यांचा गोठा, फोडून दोन शेरडं नेली, तेव्हापासून वाडीत कुणीच कूड काळोखात ठेवत नाही. दिवा दिसला की ते येत नाही, आणि शेरडं निवांत बसतात. बाबांनी उंदरांवरही तीच माया केली होती.

"बाबा," मी म्हटलं, "उंदीर रात्रीचा प्राणी आहे. काळोखात त्याचा दिवस असतो. रात्रभर दिवा ठेवलात तर त्याच्या अंगातलं घड्याळच बिघडतं. कधी झोपायचं, कधी उठायचं, त्याला कळेनासं होतं."

 बाबांनी हळूच दार उघडलं, हात आत घातला आणि बल्ब बंद केला. 

"म्हणजे सरांचं सगळं..." ते म्हणाले.

"हो."

"किती दिवस लावला मी?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला काढतील गो."  काढलं तर पुन्हा गोदाम, पुन्हा ती खोली, पुन्हा रात्री.

मी म्हटलं, "कुणाला सांगू नका." हे मीच म्हटलं. बल्ब बंद झाला होता, आता कुणाला कळणार नव्हतं. प्रयोग का फसला याचं उत्तर सरांना कधीच मिळालं नसतं, एवढंच.

चार दिवस मी गप्प राहिले. या चार दिवसांत सर मला रोज सकाळी विचारायचे, "झोप कशी झाली?" आणि मी म्हणायचे, "छान." ते वहीत लिहायचे, सात तास. मी चार रात्रींत मिळून सात तास झोपले नव्हते. पाचव्या दिवशी त्यांनी पेन उघडलं, मी त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि मला ते लिहवून घेणं जमेना.

"सर, माझे चार दिवसांचे आकडे खोटे आहेत."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं यांना सगळं कळलं. पण ते म्हणाले, "वहीत खोटं? अगं, या वहीत आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं. प्राचार्यसुद्धा नाही." आणि त्यांनी ते चार आकडे एकेक करून खोडले. "आता खरे सांग."

मी खरे सांगितले. मग कारण सांगितलं. बल्ब, कंदील, वाघरू, सगळं. सांगत असतानाच बाबा दारात आले. त्यांनी मला सरांच्या खोलीत जाताना पाहिलं होतं. पायात चपला नव्हत्या. त्यांनी प्राणीगृहाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या.

"पोरीची चूक नाय सर. बल्ब मी लावला. मी सांजच्या गाडीने जातो."

सरांनी चाव्यांकडे पाहिलंच नाही. "मामा, बल्ब पिंजऱ्यापासून किती उंचीवर होता?"

बाबांनी हाताने दाखवलं.

"केवढा? चाळीसचा?"

"व्हय."

"रोज? एकही दिवस चुकला नाही?"

"एकपण नाय," बाबा म्हणाले, आणि खाली मान घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना न चुकल्याची लाज वाटत असावी.

सरांनी उंची आणि चाळीस हे आकडे वहीत लिहिले. मी चाव्यांकडे पाहत होते. मग ते बाबांना म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं, सातला दिवे बंद करा. का बंद करायचे ते सांगितलं नाही. तुमच्या पोरीला सांगितलं, साठ मुलांना सांगितलं, आणि ज्याच्या हातात प्राणी आहेत त्यालाच सांगितलं नाही. तुम्ही तुमच्या शेरडांसाठी जे करता ते केलंत. ही चूक माझी आहे." त्यांनी चाव्या उचलून बाबांच्या हातात दिल्या. "आणि आज दोन वाजता तुम्ही माझ्या तासाला बसायचं. पहिल्या बाकावर."

"दोन वाजता तुमी झोपता," बाबा म्हणाले.

"आज नाही झोपणार."

प्राचार्यांनी सरांकडे लेखी खुलासा मागितला. मुदत गेली, एवढे उंदीर वाया गेले, जबाबदार कोण? काही जणांनी बाबांचं नाव सुचवलं होतं. सरांनी दोन ओळी लिहिल्या. "तुलनेसाठी ठेवलेल्या गटाच्या खोलीत रात्री प्रकाश राहिला. त्या खोलीची जबाबदारी संशोधकाची, म्हणजे माझी." प्राचार्य म्हणाले, "माणसाचं नाव घालायला नको का?" सर म्हणाले, "घातलं आहे. खाली सही बघा."

दोनच्या तासाला बाबा पहिल्या बाकावर, गुडघे बाकाला टेकवून बसले. सरांनी फळ्यावर एक वर जाणारी, खाली येणारी रेघ काढली. उंदराच्या रक्तातलं संप्रेरक दिवसभरात कसं चढतं-उतरतं ते. संध्याकाळी काळोख पडताना सगळ्यात वर, कारण तेव्हा त्याची सकाळ होते. शेजारी दुसऱ्या रंगाने माणसाची रेघ काढली, नेमकी उलटी, पहाटे वर चढणारी.

बाबा लक्ष देऊन बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे सोळा वर्षं मी उंदराची रेघ घेऊन फिरत होतो."

"नाही मामा," सर म्हणाले. "तुम्ही माणसाची रेघ घेऊन उंदराची नोकरी करत होतात. उंदीर असतात तर निभावलं असतं."

सगळा वर्ग हसला. बाबाही हसले, मोकळं, मागे रेलून. मी ते हसणं किती वर्षांनी ऐकत होते ते मला सांगता यायचं नाही.

सरांनी मुदत वाढवून घेतली आणि त्याच वर्षी हिवाळ्यात सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. पुन्हा तीन-तीन दिवस जागले, पुन्हा डस्टरवरून रडले. बाबा रोज सातच्या ठोक्याला दिवे बंद करायचे, दार ओढायचे आणि बाहेर थांबून फटीतून आत नजर टाकायचे, कुठून उजेड येतो का ते पाहायला. एकदा प्राणीगृहात आलेल्या नव्या मुलाला ते सांगत होते, "काळोख म्हणजे त्यांची सकाळ. उजेड दाखवू नको." मी ऐकलं आणि हसू दाबत पुढे गेले.

मोजणीच्या पहिल्या सकाळी सुखातल्यांपैकी पहिला उंदीर मी चौफुल्याच्या मध्ये ठेवला आणि पडद्याआड गेले. सर माझ्या मागे उभे होते, श्वास रोखून. बाबा दारात. उंदीर थोडा वेळ बसला. भिंतीच्या फाट्यात गेला. परत मध्ये आला. मला वाटलं आता पुन्हा आत जाईल. तो उघड्या फाट्यावर निघाला, नाक हलवत, सावकाश, थेट टोकापर्यंत, आणि टोकावरून खाली डोकावला.

"आला गो बाहेर," बाबा दारातून हळू आवाजात म्हणाले.

सरांनी श्वास सोडला तो मला मानेवर लागला. "लिही," ते म्हणाले. "लिही, लिही."

पाण्यातल्यांपैकी फार थोडे बाहेर आले. रक्ताचे आकडे आले तेव्हा दोन गटांत चांगलं अंतर होतं. सरांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि दोन वाजायला अजून तास असताना टेबलावर आडवे झाले. त्या दिवशी ते संध्याकाळी पाचला उठले. पाचपर्यंत प्रयोगशाळेच्या दारासमोरून सगळं कॉलेज चपला हातात घेऊन ये-जा करत होतं, प्राचार्यही.

सरांना पीएच.डी. मिळाली. त्यांच्या छापून आलेल्या निबंधात आभाराच्या ओळीत बाबांचं पूर्ण नाव आहे. मी पहिल्या वर्गात बी.फार्म. झाले, आमच्या वाडीतली पहिली पदवीधर. बाबांनी त्या प्राणीगृहात वयाची साठ वर्षं पूर्ण होईपर्यंत नोकरी केली आणि नंतर पुन्हा कधी रात्रपाळी केली नाही.